मूक यादी

‘आम्हाला खात्री होती, तुम्ही चालायला लागणार म्हणून,’ मास्तरीणबाई म्हणाल्या आणि दाराची कडी पुसायचा फडका त्यांनी खांद्यावर टाकला. ‘सहा आठवड्यांत एकसुद्धा गुरुवार चुकवला नाही आम्ही.’

ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. एका हातात काठी, दुसरा हात कठड्यावर, आणि प्लास्टरमधून कालच सुटलेला पाय कुणाचा तरी उसना आणल्यासारखा बुटात कोंबलेला. तिसऱ्या मजल्यावरून इथवर यायला तिला वीस मिनिटं लागली होती. कामावर परत जायचा पहिलाच दिवस, त्यात उशीर झालेला, त्यामुळे गुरुवार कसला आणि चुकवला नाही म्हणजे काय, हे तिच्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला. ‘कसला गुरुवार?’ तिनं विचारलं.

‘प्रार्थनेचा हो. तुमच्या पायासाठी.’ आणि मग मास्तरीणबाईंनी जीभ चावली. साठी केव्हाच ओलांडलेली बाई, पस्तीस वर्षं वर्गावर ओरडून घसा कायमचा बसलेला, पण जीभ चावताना अगदी चौथीतल्या मुलीसारखी दिसली. ‘तुम्हाला सांगायचं नसतं खरं तर. मूक यादीत आहात ना तुम्ही.’

एवढं बोलून गेल्यावर बाकीचं पोटात ठेवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांच्या पुढच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनामंडळ जमतं, हे गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं. मंडळाकडे आजारी आणि अडलेल्या माणसांची यादी असते, हेही तिनं ऐकलं होतं. यादीतली नावं मोठ्यानं वाचायची, सगळ्यांनी डोळे मिटायचे, आणि दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लावून घ्यायच्या. कुणी डबा पोचवायचा, कुणी औषधं आणायची, कुणी नुसतं जाऊन तासभर बसायचं. पण यादी एक नव्हती, दोन होत्या. जे मानत नाहीत त्यांची वेगळी. ‘त्यांची नावं आम्ही उच्चारत नाही,’ मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘मनातल्या मनात घेतो. आणि त्यांच्या घरी कुणी जायचं नाही असा नियमच केलाय. गेलं की विषय निघतो. निघाला की त्यांना वाटणार, हे आपल्यावर लादायला आलेत. कशाला कुणाचं मन दुखवा? म्हणून डबा नाही, चौकशी नाही, काही नाही. नुसती प्रार्थना.’ ही पद्धत किती विचार करून काढली आहे, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

‘आभारी आहे,’ ती म्हणाली आणि बाहेर पडली.

राग तिला कधीच वेळेवर येत नसे. तो मागून यायचा, धापा टाकत, आणि मग ठाण मांडून बसायचा. औषधांच्या दुकानावरून पुढे जाऊन ती बसथांब्याच्या बाकावर टेकली, तेव्हा तो आला, आणि असा आला की काठी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरावी लागली. पहिला राग त्या दोन शब्दांचा. आभारी आहे. कशाबद्दल आभारी? पंचावन्न वर्षांची बाई सहा आठवडे एका खोलीत पडून होती, आणि खाली पंधरा-वीस धडधाकट माणसं दर आठवड्याला जमून, तिला कळू नये याची काळजी घेत, तिच्यासाठी डोळे मिटत होती, याबद्दल? दिवा बदलताना स्टुलावरून पडून तिचा घोटा मोडला, तेव्हा दवाखान्याच्या दोन माणसांनी तिला खुर्चीत बसवून खाली नेलं होतं. प्रत्येक मजल्यावर एकेक दार बोटभर उघडलेलं तिला दिसलं होतं. म्हणजे ठाऊक सगळ्यांना होतं. तिला वाटलं होतं की कुणाला ठाऊक नसेल. नाही, तसंही नाही. तिला वाटलं होतं की त्यांना काही पडलेली नाही, आणि त्या वाटण्याशी तिनं हळूहळू जुळवून घेतलं होतं. माणूस कशाशीही जुळवून घेतं. खिडकीतून दोरीनं पिशवी सोडायची, खालचा वाणी त्यात पाव आणि अंडी ठेवायचा. न्हाणीघरापर्यंत बसून सरकत जायचं. कामावरच्या मदतनीस बाई दोन रविवार आल्या, मग त्यांच्या घरी आजारपण निघालं. धाकटा भाऊ फोनवर ‘येऊ का?’ म्हणायचा, ते ‘नको’ ऐकण्याच्याच सुरात, आणि ती त्याला हवं ते ऐकवायची. एकदा तापात तिनं बाटलीतलं पाणी सकाळपर्यंत पुरवून पुरवून प्यायलं, कारण स्वयंपाकघर त्या दिवशी दुसऱ्या गावात असल्यासारखं लांब होतं. हे सगळं तिला चाललं होतं. पण त्या सहा आठवड्यांचा अर्थ आज खांद्यावर फडका टाकलेल्या बाईनं एका वाक्यात बदलून टाकला होता. त्यांना पडलेली होती, आणि पडलेली असूनसुद्धा कुणी आलं नव्हतं.

बस आली, गेली. तिला उठताच आलं नाही. तिला आता ती शांतता आठवत होती. ऐकणं हा तिचा धंदा. मोठ्या इस्पितळात ती लोकांचे कान तपासते, आणि इमारतीत तिला कानवाल्या बाई म्हणूनच ओळखतात. अंथरुणावर पडल्यापडल्या पाइपांच्या डक्टमधून वर येणारं प्रत्येक गुरुवारचं सगळं तिला ऐकू यायचं. आधी गाणं, त्यात एक पुरुषी आवाज कायम मागे राहणारा. मग मास्तरीणबाईंच्या बसक्या घशातून नावं, एकेक, हजेरी घेतल्यासारखी. आणि मग काहीच नाही. सवयीनं तिनं तेही मोजलं होतं, अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त. तिला वाटायचं, पाणीबिणी पीत असतील. आणि काय सांगावं, तिला ती शांतता आवडायचीसुद्धा. दिवसभर कुणाचा आवाज नसलेल्या घरात माणसांनी भरलेल्या खोलीची शांतता ऐकायला बरं वाटायचं, तिच्यात श्वास असतात. त्या अर्ध्या मिनिटात तीच होती. तिचा पाय घेऊन वीस माणसं खाली गप्प बसली होती आणि ती वर कान देऊन ऐकत होती. बाकावर शेजारी बसलेल्या माणसानं तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण मोठ्यानं काहीतरी बोललो.

इस्पितळातल्या तिच्या खोलीत काही बदललं नव्हतं. काचेची खिडकी, पलीकडे जाड भिंतींची बंद पेटीएवढी खोली, आत एक खुर्ची, हेडफोन, आणि वायरच्या टोकाला बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा. एवढंच सांगायचं असतं. बत्तीस वर्षं ती हे सांगत आली होती. त्या दिवशी चौथ्या आलेल्या बाईंनी सपाटाच लावला. आवाज सोडला की दाबायच्या, आणि सोडला नाही तरी दाबायच्या. अशी माणसं रोज येतात. एरवी ती हेडफोन काढून, हसून, पुन्हा समजावते. आज तिनं दार उघडलं आणि म्हणाली, ‘आवाज नसताना कशाला दाबता?’

‘आला असं वाटलं,’ बाई म्हणाल्या.

‘वाटलं, की ऐकू आला?’

बाई घाबरल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘तुम्ही काचेतून एवढ्या आशेनं बघत होता. म्हटलं, दाबावं.’

ती त्यांच्यावर चिडणार होती. चिडलीही, पण तो राग अर्ध्यातच कुठेतरी दुसरीकडे वळला, कारण हे ती पुरतं ओळखून होती. अकरा वर्षांची असताना ती आईबरोबर प्रार्थनेला जायची, लांबलचक बाक, समोरच्या बाईच्या मानेवरचा तीळ, आणि परतताना वळणावर आई हमखास विचारायची, ‘आज जाणवलं का गं तुला काही?’ एके दिवशी ती ‘हो’ म्हणाली. आईचा चेहरा असा काही उजळला की तसा तो तिनं पूर्वी पाहिलाच नव्हता. पहिल्या नंबरानं पास झाल्यावरही नाही. आईनं मावशीला सांगितलं, मावशीनं सगळ्यांना. मग मागे फिरायची सोयच राहिली नाही. आठ वर्षं ती आवाज नसताना बटण दाबत राहिली, डोळे मिटून, बरोबर तेवढा वेळ, आणि आठ वर्षं तिला आजूबाजूला माणसं होती. मांडीवर घेणाऱ्या, केसांना तेल लावणाऱ्या, तापात उशाशी बसणाऱ्या बायका. एकोणिसाव्या वर्षी तिनं आईला खरं सांगितलं. आई रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, ‘तुला ऐकू आलं होतं. आता तू कानात बोळे घातलेस.’ त्यानंतर त्या दोघी तेहेतीस वर्षं इतर सगळ्या विषयांवर बोलल्या. शेवटच्या महिन्यात आई हिच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर. दुपारी उजेड भिंतीवर आला की आई म्हणायची, ‘माझ्याबरोबर म्हण ना गं.’ चार ओळी. शाळेतल्या पाढ्यांसारख्या तोंडपाठ असलेल्या चार ओळी. ती आईचा हात धरून बसायची आणि म्हणायची नाही. काय बिघडलं असतं? कोण मोजत होतं? तेव्हापासून हा प्रश्न तिला दर आठ-पंधरा दिवसांनी टोचायचा आणि प्रत्येक वेळी तिला राग यायचा. पण तो हट्टी मुलीचा, की मरतानाही सोडवणूक न करणाऱ्या आईचा, हे तिला कधी ठरवता आलं नव्हतं. एवढं मात्र पक्कं होतं की आईनं कुणाच्याही म्हणण्यावर विश्वास ठेवला असता, आणि म्हणूनच तिला खोटं म्हणवलं नाही.

आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाई आणि आणखी दोघी दाराशी आल्या होत्या. हातात झाकलेला डबा. ‘आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय,’ त्या म्हणाल्या. आणि ती, दोन रात्री न झोपलेली, अगदी शांतपणे म्हणाली, ‘माझ्यासाठी प्रार्थना करू नका.’ तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग ‘बरं’ म्हणून खाली गेल्या. डबाही घेऊन गेल्या. वास मात्र बराच वेळ जिन्यात होता, आणि दार लावून आत उभी असलेली ती भुकेनं कासावीस झाली होती. तीन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तिचं नाव कधी आलंच तर ते त्या दुसऱ्या यादीत, हे तेव्हाच ठरलं असणार.

तिनं माणसं शोधली नव्हती असं नाही. जेवणाच्या सुट्टीत पाय खुर्चीवर ठेवून ती ते सगळं पुन्हा उगाळत बसली. देव न मानणाऱ्यांचं एक मंडळ होतं, ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत जमणारं. ती मोठ्या उत्साहानं गेली. अकरा पुरुष होते. देव नाही हे त्यांनी एकमेकांना दोन तास पटवून दिलं, पटलेलं असूनसुद्धा, आणि मग दिवे मालवून, कुलूप लावून आपापल्या वाटेनं निघून गेले. तू कुठं राहतेस, जेवलीस का, एवढंही कुणी विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला तिनं मुद्दाम गळ्याला मफलर गुंडाळून दोनदा खोकून पाहिलं. एका गृहस्थानं खिडकी लावून घेतली, तीही तिच्या जवळची नव्हे, पलीकडची. सकाळी चालायला जाणाऱ्यांचा गट होता, तो बागेच्या फाटकाशी हात जोडून सुरू व्हायचा. गाण्याचा वर्ग होता, तिला गाता यायचं, पण तिथली सगळी गाणी कुणाच्या तरी पायाशी जाऊन संपायची. म्हणजे एकीकडे ऊब होती, पण आत शिरताना दाराशी खोटं बोलायला लागायचं. दुसरीकडे खरं बोलायला मुभा होती, पण तिथं बसायला गादी नव्हती, पंखा नव्हता, नुसता वाद. आणि या दोन्हींमध्ये आपण गेली छत्तीस वर्षं ताठ मानेनं उभे आहोत असं ती समजत होती. आज पहिल्यांदाच तिला वाटलं की ताठ कसली, आपल्याला बसायला कुणी जागाच दिली नाही. नंतरच्या तपासण्या तिनं कशा केल्या ते तिला आठवत नव्हतं. आलेख बरोबर निघाले एवढं खरं.

आज गुरुवारच होता. संध्याकाळी ती परत आली तेव्हा मास्तरीणबाईंचं दार उघडं होतं, बाहेर चपलांची रांग, आत गाणं संपत आलेलं, तो मागे राहणारा पुरुषी आवाज अजूनही मागेच. तिनं बूट काढला नाही, काढता आलाच नसता. ती काठी टेकत आत गेली आणि भिंतीला धरून उभी राहिली. मास्तरीणबाईंनी वहीतून नावं वाचली. मग वही मिटली, सगळ्यांनी डोळे मिटले, आणि ती शांतता झाली. आता ती तिच्या आत उभी होती. हिला दिसत होते ते सगळे, खाली झुकलेले, भुवया आक्रसून मन लावणारे. ढोंगी कुणीच वाटत नव्हतं, आणि त्यानं तर तिची आणखीच तळपायाची आग मस्तकात गेली.

‘मी इथं आहे,’ ती म्हणाली. ‘माझं उघडपणे बोला.’

डोळे उघडले. कुणीतरी पटकन उठून खुर्ची पुढे केली, ती तिनं घेतली नाही.

‘मी प्रार्थना करू नका म्हणाले होते. येऊ नका म्हणाले नव्हते.’

पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, बहुधा तोच मागचा आवाज, खरोखरच गोंधळून म्हणाले, ‘पण दोन्ही एकच ना? आम्ही येतो ते त्याच्यामुळेच येतो.’

‘मग ज्याला ते नको, त्याच्या वाट्याला काय?’

‘असं का बोलता?’ मास्तरीणबाई म्हणाल्या. ‘दर गुरुवारी तुमचा पाय मी डोळ्यांसमोर आणायची. खरं सांगते.’

‘पाय तीन मजले वर होता. डोळ्यांसमोर कशाला आणायचा? जिना चढून बघायचा.’

‘तुम्ही एक हाक मारली असतीत तर?’ मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. ‘एक हाक मारली असतीत, तर नियम गेला खड्ड्यात, मी आले असते.’

हे ऐकून तिला आणखीच संताप आला. कारण हाक तिनं मारली नव्हती हे खरंच होतं. डक्टच्या खिडकीतून एक शब्द टाकला असता तर खाली ऐकू गेला असता, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तापाच्या दिवशी तिनं तोंड उघडलंही होतं. पण खाली गाणं चालू होतं, आणि त्या गाण्यात हाक मिसळली की ती प्रार्थनाच झाली असती, असं काहीतरी तिच्या तापलेल्या डोक्यात आलं आणि तिनं तोंड मिटलं. हे या माणसांना सांगायचं तरी कसं? तिनं हात पुढे करून मास्तरीणबाईंच्या मांडीवरची वही उचलली. शेवटच्या पानावर, वळणदार शाळकरी अक्षरात, सात ओळी होत्या. पाचवी तिची. तिसरा मजला, कानवाल्या बाई, पाय. पहिली: मागच्या गल्लीतले घड्याळवाले, छाती. दुसरी: कोपऱ्यावरची शिवणवाली, डोळे.

घड्याळवाले. ते गेल्या वर्षी तिच्याकडे तपासायला आले होते. बत्तीस वर्षांत तसा माणूस तिनं पाहिला नव्हता. एकदाही खोटं बटण नाही. दोनदा तर त्यांनी हात वर करून सांगितलं होतं, ‘खात्री नाही. पुन्हा वाजवा.’ त्या वेळी तिला वाटलं होतं की याच्याशी बोलावं. काय बोलावं ते सुचलं नव्हतं. तिनं आलेख त्यांच्या हातात दिला होता आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं होतं.

‘या घड्याळवाल्यांचं कसं आहे आता?’ तिनं विचारलं.

मास्तरीणबाईंनी पोस्टवाल्यांकडे पाहिलं, त्यांनी आणखी कुणाकडे. ‘सुधारणा असावी,’ ते म्हणाले.

‘कुणी बघितलंय?’

कुणीच बघितलं नव्हतं. नियम होता. तिनं ते पान वहीतून फाडलं. मास्तरीणबाई अर्धवट उठल्या. ‘अहो, ती यादी खासगी असते.’

‘माझं नाव आहे तिच्यात. बाकीच्यांना मी विचारून घेते, खासगी हवीय का ते.’

मागच्या गल्लीपर्यंतचं अंतर एरवी पाच मिनिटांचं. घोटा आता ठणकायला लागला होता आणि तिला तो ठणका चालत होता, निदान तो खरा होता. घड्याळाचं दुकान बंद होतं. शेजारच्या फळीवर किल्ल्या बनवणारा माणूस कानस घासत बसला होता. तिनं विचारल्यावर तो थांबला.

‘ते गेले की. दोन महिने झाले. तुम्ही त्यांच्या कोण?’

‘कुणी नाही.’

‘तीन दिवस दुकान उघडलं नाही, म्हणून मी वर गेलो. मला वाटलं, कुलूप फोडायला लागणार, हत्यारं घेऊनच गेलो होतो.’ त्यानं कानशीवरची भुकटी फुंकली. ‘दार नुसतं लोटलेलं होतं. कडी लावलीच नव्हती.’

दोन महिने. म्हणजे आठ-नऊ गुरुवार मंडळवाले मेलेल्या माणसाच्या छातीला आराम पडावा म्हणून डोळे मिटत होते. आत्तासुद्धा, थोड्या वेळापूर्वी. तिला वाटलं, असंच परत जावं, त्या दारात उभं राहून हे मोठ्यानं सांगावं, एकेकाच्या तोंडावर सांगावं आणि त्यांचे चेहरे पडताना पाहावेत. ती वळलीसुद्धा. दहा पावलं त्वेषानं गेली. पण रागाला ऐकून घेणारं कुणी लागतं, आणि चालता चालता तिला अगदी नको असताना दिसलं की यात सांगण्यासारखी दुसरीही एक गोष्ट आहे. घड्याळवाल्यांना काचेच्या पलीकडून पाऊण तास बघूनही ‘पुढचे या’ म्हणणारी मंडळातली कुणी नव्हती. तिथं कसलाच नियम नव्हता. ती तिथं गल्लीतल्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं स्वतःला एक शिवी घातली, भावालाही कधी न घातलेली.

कोपऱ्यावरच्या इमारतीत ती शिरली ती चांगुलपणानं नव्हे. आठ दिवसांनी दुसऱ्या दारावर ‘ती गेली की’ असं ऐकायची तिची तयारी नव्हती, एवढंच. पहिला मजला. दारावर ‘शिवण करून मिळेल’ अशी पाटी. बऱ्याच वेळानं दार साखळीपुरतं उघडलं. आतून एक जाड काचांचा चष्मा आणि रागीट हनुवटी.

‘कपडे घेत नाही सध्या,’ शिवणवाली म्हणाली.

‘कपडे नाहीत.’

‘मग? प्रार्थनावाल्या असाल तर आधीच सांगते...’

‘नाही. मी मानत नाही.’

‘मग काय हवंय?’

सकाळपासून तिनं किती भाषणं केली होती मनात. लोकांनी काय करायला हवं होतं, कसं यायला हवं होतं, काय विचारायला हवं होतं, सगळं तिच्याकडे तयार होतं. आणि आता दुसऱ्याच्या दाराशी उभं राहिल्यावर तिला एक अक्षर सुचेना. तब्येत कशी आहे? ते तर मंडळवालेही विचारतात. मी मदतीला आले? हिनं दार लावलं असतं, आणि बरोबरच केलं असतं. शिवणवाली वाट बघत होती. फार वेळ बघणारी दिसत नव्हती.

‘मला बसायचंय,’ ती म्हणाली. ‘पाय मोडला होता माझा. उभं राहवत नाही.’

असं ती सहा आठवड्यांत कुणालाच म्हणाली नव्हती. शिवणवालीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, खरं तर जिथं ती असावी असं वाटत होतं तिकडे पाहिलं, आणि साखळी काढली.

खोलीत एक मशीन, त्यावर चादर घातलेली, टेबलावर कापडांचे तुकडे, आणि खिडकीजवळ एकच चांगली खुर्ची. ती शिवणवालीनं तिला दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. ‘कुणी पाठवलं?’ तिनं विचारलं. मग हिनं सांगितलं. सगळं, सकाळच्या फडक्यापासून. यादी, नियम, शांतता, घड्याळवाल्यांचं न लावलेलं दार. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला, आणि शिवणवालीनं तो खाली आणायला सांगितलं नाही.

‘माझ्या डोळ्यांसाठी?’ शेवटी शिवणवाली म्हणाली. ‘दर गुरुवारी?’

‘पाच महिने झाले असतील. पानावर तारीख आहे.’

‘पाच महिने.’ शिवणवाली उठली. तिनं टेबल चाचपून एक टाचण्यांची उशी घेतली आणि हिच्यापुढे धरली. त्यात तीस-चाळीस सुया होत्या, लहानमोठ्या, एकीतही दोरा नव्हता. ‘मशीन बंद करायला लावलं डॉक्टरांनी. हातानं टाका अजून घालते मी, बोटांना दिसतं. पण ओवता येत नाही. होतील तेवढ्या वाण्याच्या सुनेकडून ओवून घेते, तीही आता माहेरी गेली. पाच महिने ती वीस माणसं माझ्यासाठी डोळे मिटून बसली, आणि एकीचे उघडे असते तर...’ ‘मेल्यांनो,’ ती म्हणाली, खिडकीकडे बघून, आणि पलंगावर बसली.

‘आणा ती उशी इकडे,’ ही म्हणाली.

तिनं पाय समोरच्या पेटीवर टाकला, उजेडाकडे वळली आणि पहिल्या सुईत दोरा घातला. काळा. मग पांढरा. दोन-तीनदा दोरा चुकला, तिनं तो ओठांत धरून टोक करून पुन्हा घातला. शिवणवाली प्रत्येक ओवलेली सुई बोटांनी तपासून घेत होती आणि एका जुन्या कापडावर ओळीनं टोचून ठेवत होती. मध्येच ती म्हणाली, ‘फार लांब घेऊ नका, गुंता होतो,’ आणि हिनं दोरा आखूड केला. बाहेर अंधारायला लागलं तेव्हा उशीत एकही रिकामी सुई नव्हती.

‘परत केव्हा याल?’ शिवणवालीनं विचारलं, जरा दरडावूनच.

‘दोरे संपले की.’

‘मी भराभर संपवते,’ ती म्हणाली.